दादा बोलत नाही, म्हणून आम्हीही विचारत नाही

पत्राचा गोषवारा

बडोद्याच्या एका वाचकाचे पत्र आले आहे. ते ३८ वर्षांचे असून नोकरी करतात. आई, थोरले बंधू, वहिनी आणि दोन्ही भावांची मुले असे त्यांचे एकत्र कुटुंब दांडिया बाजारातला जुना वाडा सोडून आता वाघोडिया रस्त्यावर राहते. वडील गेले तेव्हा थोरले बंधू २३ वर्षांचे होते आणि तेव्हापासून घर त्यांनीच चालवले आहे. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत त्यांची जॉबवर्कची छोटी शेड आहे. वर्षभरापूर्वी दोन मोठ्या गिऱ्हाइकांकडे पैसे अडकले आणि त्याच सुमारास दादा बदलला, असे पत्रलेखक म्हणतात. रात्री दोन-तीनला उठून तो गॅलरीत बसतो, मुलांवर खेकसतो, ॲसिडिटीसाठी डॉक्टर बदलत राहतो. छातीत दडपण येते म्हणून दोनदा कार्डिओग्राम काढून आला, दोन्ही वेळा तो नॉर्मल निघाला. त्याच्या स्कूटरच्या डिकीत पत्रलेखकांना एक बाटली आणि औषधाचे नाव दिसू नये अशी कात्रीने कापलेली गोळ्यांची पट्टी सापडली. सकाळी चहाचा कप धरताना त्याचा हात थरथरतो. गेल्या गणपतीत आईने देवासमोर शपथ घ्यायला लावली, पण दुसऱ्या रात्री कापरे भरून उलट्या झाल्या आणि 'आमच्या गणपतीइतकीच, दीड दिवस ती शपथ टिकली'. आता आईने जाहिरात पाहून दारू सोडवण्याची पावडर मागवली आहे, जी न सांगता जेवणात मिसळायची असते. वहिनी नको म्हणतात. मानसोपचाराचा विषय काढताच आईने बडोद्यातल्या मानसिक रुग्णालयाचा भाग आठवून विचारले, 'करेलीबागेत नेऊन ठेवायचंय का त्याला?' पत्राच्या शेवटी एक वाक्य येते : 'महिन्यापूर्वी दादा सहज म्हणाला, विम्याचे कागद कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहेत, तुला माहीत असू दे.' त्यांचा प्रश्न असा : पुरुषमाणूस, त्यातून घरचा कर्ता, तो काही कबूल करणार नाही, तर त्याला न दुखावता डॉक्टरांकडे कसे न्यावे, आणि तोवर पावडर दिली तर चालेल का?

उत्तर

पावडरीपासून सुरुवात करतो, कारण त्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला आजच हवे आहे. ती देऊ नये. अशा पुड्यांत नेमके काय असते याचा भरवसा नसतो. दारू सोडवण्यासाठी डायसल्फिराम नावाचे एक औषध डॉक्टर देतात हे खरे, पण ते रुग्णाला नीट सांगून, त्याच्या संमतीने आणि हृदय व यकृत तपासून देतात. ते पोटात असताना दारू घेतली, तर चेहरा लालबुंद होणे, उलट्या आणि धडधड यांपासून रक्तदाब एकदम कोसळण्यापर्यंत काहीही होऊ शकते, आणि क्वचित प्रसंगी जीवही जातो. आपल्या आमटीत काय पडले आहे हे ज्याला ठाऊकच नाही, तो त्या रात्री पिणार नाही हे कशावरून? शिवाय तुमच्या दादाला छातीत दडपण येते आहे. पुडी अजून फोडली नसेल तर ठीकच. एक-दोनदा दिली गेली असेल, तर आईंना दोष न देता ती डॉक्टरांना दाखवा. वहिनींचे म्हणणे बरोबर आहे, हे त्यांना घरातल्या कोणीतरी सांगायला हवे.

त्या दीड दिवसाच्या शपथेबद्दलही बोलायला हवे. तुमच्या वाक्यातली थट्टा मला समजते, तिच्यामागची चीडही समजते, पण त्या दोन दिवसांत घडले ते काही वेगळेच होते. रोज पिणाऱ्या माणसाचा हात सकाळी थरथरत असेल, तर त्याचे शरीर दारूवर अवलंबून झालेले असण्याची शक्यता मोठी असते, आणि अशा शरीराला एकाएकी दारू मिळेनाशी झाली की पहिल्या दिवसातच घाम, कंप, मळमळ आणि अस्वस्थता सुरू होते. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते, काहींना दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भास होऊ लागतात, आणि हे दोन्ही प्रकार जिवावर बेतू शकतात. तुमच्या दादाने दुसऱ्या रात्री पुन्हा बाटली जवळ केली, तेव्हा घरात बहुधा 'मनाने कच्चा' असा शेरा मारला गेला असेल. प्रत्यक्षात त्या रात्री त्याला डॉक्टरांची गरज होती. दारू सोडवायची झाली तर ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, कंप आणि झटके आवरणारी औषधे व बी-१ जीवनसत्त्व देऊन सोडवावी लागते. नाव कापलेल्या त्या गोळ्या झोपेच्या किंवा चिंतेच्या असाव्यात असा माझा अंदाज आहे. तशा त्या असतील, तर दारूबरोबर घेतल्याने श्वास मंदावू शकतो, आणि बरेच दिवस घेतलेल्या गोळ्या एकदम बंद केल्या तरी त्रास होतो. म्हणून डिकी रिकामी करून दादासमोर बाटली आपटण्याचा मोह आवरा.

आता विम्याच्या कागदांविषयी. तुम्ही ते वाक्य पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहिले आहे, आणि मला मात्र सगळ्या पत्रात त्याचीच काळजी सर्वांत जास्त वाटली. ते साधे व्यवहाराचे बोलणे असू शकते; कर्ता माणूस असे कधीमधी बोलतोच. पण झोप उडालेली, पैसे अडकलेले, दारू वाढलेली आणि वर ही निरवानिरवीची भाषा, एवढे सगळे एकत्र आले असताना ते साधेच असेल असे धरून चालणे परवडणारे नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली आणि त्यांतले शंभरातले जवळजवळ ७२ पुरुष होते. म्हणून दादाला सरळ विचारा. 'कधी जगणं नकोसं होतं का रे? जीव द्यावा असं मनात येतं का?' असे विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही भीती निराधार आहे. आत्महत्येच्या प्रतिबंधावर काम करणारे डॉक्टर उलट थेट विचारायलाच सांगतात, कारण त्या प्रश्नाने बहुतेकांना सुटल्यासारखे वाटते. उत्तर 'हो' आले तर उपदेश करू नका, 'मुलांचा विचार कर' असे म्हणू नका, कारण मुलांचा विचार करून करूनच तो इथवर आलेला असतो. त्याला एकटे सोडू नका, घरातल्या गोळ्या आणि विषारी वस्तू कोणा एकाच्या ताब्यात बंद ठेवा, आणि त्याच दिवशी सयाजीराव जनरल हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात किंवा जवळच्या मनोविकारतज्ज्ञांकडे घेऊन जा. १०८ ला फोन करता येतो. पोलीस केसच्या धास्तीने बरीच घरे अशा वेळी गप्प बसतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याकडे तीव्र ताणाखालचा माणूस म्हणून पाहायला सांगितले आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, जुन्या दंड संहितेच्या ३०९ कलमासारखा, आत्महत्येचा प्रयत्न हा सरसकट गुन्हा उरलेला नाही.

एवढे तातडीचे बोलून झाल्यावर तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. 'पुरुषमाणूस आहे, तो कबूल करणार नाही,' असे तुम्ही लिहिता. पण तुमच्याच पत्रात दादा वर्षभर मदत मागताना दिसतो आहे. दोनदा कार्डिओग्राम काढायला तो स्वतःच्या पायांनी गेला. पोटासाठी एक डॉक्टर सोडून दुसरा धरला. झोपेसाठी कुठल्याशा दुकानातून, बहुधा चिठ्ठीशिवाय, गोळ्या आणल्या. विम्याच्या निमित्ताने धाकट्या भावाशी बोलणे काढले. छाती, पोट आणि झोप यांबद्दल तक्रार केली तर पुरुषाला कोणी हसत नाही, म्हणून त्याचे दुःख त्या वाटेने बाहेर येते. त्याला चीड येते ती मुलांना दिसते, पण रडू येत असेल तर ते गॅलरीत पहाटे तीन वाजता येत असेल आणि ते कोणाला दिसत नसेल. पुरुषांमधली उदासीनता, म्हणजे डिप्रेशन, चिडचिड, दारू किंवा अखंड काम यांच्या आड राहते, आणि घरचे लोक 'स्वभावच तापट झालाय' असे म्हणून मोकळे होतात.

बेंगळुरूच्या निमहान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये गुजरातसह बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराने त्या वेळी ग्रस्त असलेल्यांचे प्रमाण प्रौढ पुरुषांत १३.९ टक्के, तर स्त्रियांत ७.५ टक्के आढळले. पुरुषांचा आकडा चढतो तो मुख्यतः दारूच्या विकारांमुळे. त्याच पाहणीत वेगवेगळ्या विकारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचार मिळत नसल्याचेही दिसले. दारूला आपण चारित्र्याच्या खात्यात टाकतो आणि उदासीनतेला बायकांच्या, त्यामुळे तुमच्या दादासारखा माणूस दोन्ही हिशेबांतून निसटतो.

मग कबूल कोण करत नाही? थोडे स्पष्ट विचारतो, रागावू नका. वडील गेले तेव्हा तुम्ही पंधरा वर्षांचे होता आणि तो तेवीसचा. त्या वयात त्याने घर अंगावर घेतले, आणि तेव्हापासून 'दादा बघेल' हे तुमच्या घरातले सर्वांत सोयीचे वाक्य झाले असावे. त्याच्या शेडचे किती पैसे अडकले आहेत, किती कर्ज आहे, कोणाचा तगादा आहे, यातले काहीच तुमच्या पत्रात नाही. मला वाटते तुम्हाला ते माहीतच नाही, कारण कोणी विचारलेले नाही. दादाचे गप्प राहणे हा नुसता त्याचा स्वभाव नाही, घराने बसवलेली ती घडी आहे, आणि ती एकट्या त्याने मोडावी अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. वहिनींचा उल्लेखही पावडरीपुरताच आला आहे. रात्री तो शेजारून कधी उठून जातो हे ज्यांना सर्वांत आधी कळते, त्यांच्याशी तुम्ही अजून बोलला नसाल, तर पहिले काम ते करा. त्यांना वगळून आखलेली कोणतीही योजना घरातला आणखी एक कट ठरेल.

आता पर्यायांकडे येऊ. आपल्याकडे अशा वेळी पहिली सूचना येते ती मामांना बोलावण्याची. कोणी वडीलधारे पुण्याहून किंवा इंदूरहून येतात, जेवणानंतर सगळ्यांना बसवून दोन शब्द सुनावतात आणि दुसऱ्या दिवशी परत जातात. हे करू नका. चार माणसांत खाली घातलेली मान नंतर डॉक्टरांसमोर वर होत नाही. दुसरा पर्याय म्हणजे 'सहज चक्कर मारू' म्हणून फसवून मनोविकारतज्ज्ञांच्या दारात नेऊन उभे करणे. पावडरीत आणि यात फार फरक नाही. पहिली भेट साधेल, दुसरी साधणार नाही. माझा कल तिसऱ्या वाटेकडे आहे, आणि ती जरा लांबची आहे.

तुमच्याकडे पिढीजात डॉक्टरकाका असतील, ज्यांच्याकडे दादा छातीसाठी किंवा पोटासाठी एकदा तरी गेला असेल. आधी तुम्ही एकटे त्यांना भेटा आणि पाहिलेले तेवढेच सांगा : झोप, थरथर, बाटली, गोळ्या, विम्याचे वाक्य. दादाची माहिती ते तुम्हाला देणार नाहीत, द्यायचीही नाही, पण तुमचे ऐकून घ्यायला त्यांना कोणती अडचण नाही. मग दादाला त्यांच्याकडे झोपेसाठी न्या. त्यात खोटेपणा नाही, कारण झोप खरोखरच गेलेली आहे. थायरॉइड, साखर, बी-१२ आणि यकृताच्या तपासण्या होतील, आणि त्या व्हायलाच हव्यात, कारण थायरॉइडचा दोष किंवा शाकाहारी घरांत वारंवार आढळणारी बी-१२ ची कमतरता यांनीही माणूस थकतो, उदास होतो. बरीच वर्षे ओळखीचे असलेले डॉक्टर जेव्हा म्हणतात की 'छाती ठीक आहे, पण झोपेचं आणि मनावरच्या ताणाचं बघणारे एक डॉक्टर आहेत, त्यांना दाखवू', तेव्हा ते वाक्य भावाच्या तोंडून आल्यासारखे टोचत नाही. मात्र विचारल्यावर दादाने जीव देण्याचे विचार सांगितले, किंवा भास आणि झटके दिसले, तर ही लांबची वाट सोडून थेट हॉस्पिटल गाठा.

बोलायचे कसे, हे तुम्ही विचारले नाही, पण खरी अडचण तीच आहे. संध्याकाळी तो प्यालेला असताना बोलू नका आणि जेवणाच्या ताटावरही नको. एखाद्या सकाळी त्याच्याबरोबर मकरपुऱ्याला जा. तो शटर वर करेल, लेथ सुरू व्हायला अजून वेळ असेल, पोऱ्या चहा आणायला गेलेला असेल. अशा वेळी शेजारी शेजारी उभे राहून, एकमेकांच्या डोळ्यांत न पाहता बोलणे दोन भावांना सोपे जाते. म्हणायचे ते असे काहीतरी : 'दादा, तुझी झोप गेलीय, हात थरथरतो, हे मला दिसतंय. मी तुला काही शिकवायला आलो नाही. इतकी वर्षं सगळं तूच बघितलंस, मी कधी विचारलंसुद्धा नाही. आता तुझं काय चाललंय ते मला सांग.' मग गप्प बसा. हे गप्प बसणे कठीण असते. तो म्हणेल, 'मला काय वेड लागलंय का?' त्यावर 'वेड कशाला, झोप लागत नाही एवढंच म्हणतोय' इतके पुरे. तो म्हणेल, 'तू तुझं बघ.' त्यावर 'बघतो, पण पुढच्या आठवड्यात परत विचारणार आहे' असे सांगा आणि खरोखर विचारा. बाटली सापडल्याचे लपवू नका, पण पुरावा मांडल्यासारखे सांगू नका. आणि स्वतःचे एखादे खरे सांगा. वडील गेल्यानंतरच्या त्या वर्षांत तुम्हाला काय वाटत होते, हे तुम्ही त्याला कधी सांगितले आहे का?

तो अडेल तो बहुधा दोन-तीन भीतींपाशी. आईंच्या तोंडी आलेली करेलीबाग त्यांतली एक. तिथे सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय आहे, पण मनोविकाराचे बहुतेक रुग्ण, तिथले काय किंवा इतरत्रचे काय, बाह्यरुग्ण विभागात दाखवून, औषध घेऊन त्याच दिवशी घरी परततात. सयाजीराव हॉस्पिटलमध्येही मनोविकार विभाग आहे, आणि ज्याला तिथल्या रांगेत ओळखीचे कोणी भेटेल अशी धास्ती आहे त्याला शहरात खासगी डॉक्टर आहेत. ही धास्ती मी हसण्यावारी नेत नाही. बडोद्यातले मराठी जग लहान आहे. रावपुऱ्यात कोण कोणत्या दवाखान्याचा जिना चढले हे संध्याकाळपर्यंत मंडळात कळते, आणि वर मुलीच्या लग्नाचा विषय कोणीतरी काढतोच. तेव्हा पहिल्या भेटीसाठी घरापासून दूरच्या भागातले डॉक्टर निवडावेसे वाटले तर खुशाल निवडा.

दुसरी भीती गुजरातेतल्या वाचकांची खास आहे आणि तिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली इथे परवान्याशिवाय पिणे हाच गुन्हा असल्याने, 'रोज किती घेता?' या डॉक्टरांच्या साध्या प्रश्नाला माणूस 'कधीतरी, पार्टीत' असे उत्तर देतो, आणि मग त्या खोट्या उत्तरावर उपचार ठरतात. मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक केले आहे; न्यायालयाचा आदेश किंवा कोणाच्या जिवाला धोका असे त्याला मोजकेच अपवाद आहेत. दादाला हे आधीच सांगा, आणि प्रमाण खरे सांगणे किती गरजेचे आहे तेही सांगा. दारू एकदम बंद झाल्यास काय होईल, याचा अंदाज डॉक्टर त्या आकड्यावरूनच बांधतात.

उपचारांविषयी थोडक्यात, कारण ते तुमचे डॉक्टर सविस्तर सांगतील. पहिली भेट बहुतांशी प्रश्नोत्तरांची असते. उदासीनतेवरच्या औषधांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी अधिकही लागतात, आणि पहिल्या काही दिवसांत मळमळ किंवा अस्वस्थता वाटू शकते. नेमक्या त्याच काळात लोक 'काही उपयोग नाही' म्हणून गोळ्या सोडतात. बरे वाटू लागल्यावरही त्या साधारण सहा ते नऊ महिने चालू ठेवाव्या लागतात. या गोळ्यांची झोपेच्या गोळ्यांसारखी चटक लागत नाही, पण मनाने बंदही करायच्या नसतात. औषधे लिहून देतात ते मनोविकारतज्ज्ञ, आणि बोलण्यातून उपचार करतात ते मानसशास्त्रज्ञ किंवा समुपदेशक. तुमच्या दादाच्या बाबतीत थरथर आहे म्हणून सुरुवात डॉक्टरांकडूनच व्हावी.

हे सगळे सांगूनही मला असे वाटत नाही की दादाचे दुखणे गोळीने संपेल, कारण त्यातला एक मोठा भाग दोन गिऱ्हाइकांच्या वहीत अडकला आहे. शेडची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारी नोंदणी, असेल, तर २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे खरेदीदाराने फार तर ४५ दिवसांत द्यायचे असतात, उशीर झाल्यास चक्रवाढ व्याज लागू होते, आणि अशा थकबाकीची तक्रार राज्याच्या सुविधा परिषदेकडे नेता येते. गिऱ्हाईक तुटेल या भीतीने लहान कारखानदार ही वाट धरत नाहीत, आणि ती भीती खोटी नसते. पण बिले काढून, तारखा लावून, कोणाला नोटीस द्यायची आणि कोणाशी गोडीने बोलायचे हे ठरवायला दादाशेजारी दुसरे कोणी बसले, तर एवढ्यानेही त्याच्या रात्री बदलू शकतात. तुम्ही नोकरदार आहात, ठरावीक तारखेला पगार येतो. घरखर्चाचा एखादा हप्ता, मुलांची फी, जे झेपेल ते, उद्यापासून तुमच्याकडे घ्या आणि उपकार केल्यासारखे न दाखवता घ्या. डॉक्टरांकडे चल म्हणणारा भाऊ त्यानंतर वेगळा ऐकू येतो.

हे उत्तर वाचणाऱ्यांत काही दादाही असतील. त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगतो. गोव्यात संगत या संस्थेने सरकारी आरोग्यकेंद्रांत येणाऱ्या, दारूने नुकसान होऊ लागलेल्या पुरुषांसाठी समुपदेशनाच्या फार तर चार भेटींचा एक कार्यक्रम करून पाहिला. बोलणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे कार्यकर्ते होते, आणि नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा या भेटी मिळालेल्यांपैकी अधिक जण सावरले, असे २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. हात थरथरण्यापर्यंत गोष्ट गेलेली नसेल, तर इतक्या थोड्या बोलण्यानेही फरक पडतो. दवाखान्याचा जिना चढवत नसेल, तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक आहे. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, ती विनाशुल्क आहे, चोवीस तास चालते आणि फोनवर भाषा निवडता येते. धंदा गुजरातीत आणि भांडण हिंदीत करणाऱ्या बडोदेकराने हा एक फोन मराठीत करावा, असे मी सुचवीन. नाव सांगायची घाई करू नका. 'झोप येत नाही' एवढ्यावर सुरुवात केली तरी पुढचे ते विचारतात.

तुमच्याकडे परत येतो. दादा पहिल्यांदा नाही म्हणाला, तर तो कायमचा नकार समजू नका. दोन-तीन आठवड्यांत पुन्हा विचारा. तोवर तुम्ही आणि वहिनी दोघेच एखाद्या मनोविकारतज्ज्ञांना भेटून काय करावे आणि काय टाळावे हे विचारून या, किंवा १४४१६ वर तुम्हीच बोला, घरच्या माणसांनाही तिथे सल्ला मिळतो. तो हो म्हणाला, तर वेळ तुम्ही घ्या, त्या दिवशी रजा टाका, कापलेल्या पट्टीसह सगळ्या गोळ्या पिशवीत घ्या, आणि तो आत जाईल तेव्हा त्यानेच बोलावल्याशिवाय आत जाऊ नका. बाहेर आल्यावर 'काय म्हणाले?' असे लगेच विचारू नका. औषधे आणा, आणि पुढच्या भेटीची तारीख काउंटरवर तिथल्या तिथे घेऊन ठेवा, कारण पहिल्या भेटीनंतर उपचार सोडून देणारे बरेच असतात. आईंना 'दादाला झोपेचा त्रास आहे, उपचार सुरू झालेत, आता घरात शपथ आणि पावडर दोन्ही नको' एवढेच सांगा. पुढचे किती आणि कधी सांगायचे, ते दादाला ठरवू द्या.